मॉडेल रेल्वेसाठी रूळ कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

मॉडेल रेल्वेत इंजिन आणि डबे केव्हाही बदलता येतात. रूळ मात्र एकदा चिकटवून त्यांवर खडी पसरली की उखडावेच लागतात. म्हणून कंपनी निवडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

गेज आणि वीजपुरवठा: एचओ प्रमाणात (१:८७) रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते. जर्मनीच्या मेर्कलिनचे एचओ रूळही तेवढेच रुंद असतात. पण त्यांत वीज मधल्या ठिपक्यांतूनही मिळते. त्यामुळे दोन रुळांतून वीज घेणारी साधी इंजिने त्यांवर चालत नाहीत.

उंची: ती ‘कोड’मध्ये सांगतात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, सुमारे २.५ मिमी, कोड ८३ म्हणजे सुमारे २.१ मिमी. कमी उंचीचे रूळ खऱ्यासारखे दिसतात, पण जुन्या डब्यांच्या चाकांची खोल कड त्यांच्या खिळ्यांना घासू शकते.

जोडणी: जपानच्या काटोचा युनिट्रॅक प्लॅस्टिकच्या पायासह येतो आणि चटकन जोडता येतो, वळणे मात्र ठरावीकच मिळतात. ब्रिटनच्या पेकोचा लवचीक रूळ हवा तसा वळतो, पण कापून बसवावा लागतो.

आधी थोडेच रूळ आणि एक सांधा आणून त्यांवरून सर्वांत लांब इंजिन चालवून पाहावे. ते न अडखळता गेले, तरच बाकीची खरेदी करावी.