कुलूप होतं, पण उशिरा लावलेलं

एसटीच्या खिडकीतून सीट रिकामी दिसते. दारातून आत पोहोचेपर्यंत तिच्यावर कुणाचा तरी रुमाल पडलेला असतो. आपण पाहिलं ते खोटं नव्हतं. पाहणं आणि बसणं यांच्यामध्ये वेळ गेला, एवढंच. संगणकात याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचंच कर्नेल आहे. १९९६ साली लिनक्स २.० एकाहून जास्त प्रोसेसर वापरू लागलं, तेव्हा गोंधळ टाळायला कर्नेलला एकच मोठं कुलूप होतं. सुरक्षित, पण संथ. हळूहळू त्याच्या जागी अनेक लहान कुलपं आली आणि २०११ मध्ये मोठं कुलूप कायमचं निघालं. कुठलं कुलूप कुठे लावायचं, ही जबाबदारी आता कोड लिहिणाऱ्यांची होती.

योगायोगाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नेटवर्कवरची पॅकेट्स जशीच्या तशी पकडणाऱ्या ‘एएफ पॅकेट’ या भागात तिसऱ्या आवृत्तीचा बफर आला. त्याच्यासोबत एक टायमर सुरू होई. बफर बंद करताना तो थांबवायचा. बफर असताना आवृत्ती बदलायची नाही, असा नियमही होता. पण ‘बफर आहे का?’ हे तपासणं आणि आवृत्ती बदलणं यांच्यामध्ये फट राहिली. एक थ्रेड बफर तयार करत असताना दुसऱ्याने आवृत्ती बदलली, की बंद करताना कर्नेल टायमर थांबवतच नसे. मेमरी मोकळी होई, टायमर चालूच राही. त्या मेमरीत हल्लेखोराने आपला डेटा भरला, की साधा युजर थेट रूट होऊ शके.

ही फट पाच वर्षं तशीच राहिली. २०१६ मध्ये फिलिप पेटरसन या संशोधकाने ती शोधली आणि दुरुस्तीही लिहिली. सीव्हीई-२०१६-८६५५ या क्रमांकाने ती नोंदली गेली.

तो पॅच मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा काहीतरी अवघड वाचायची तयारी ठेवली होती. निघाल्या मोजक्या ओळी. बफर तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये कुलूप आधीपासूनच होतं, फक्त तपासणीनंतर लावलेलं. पेटरसनने ते तपासणीच्या आधी नेलं आणि आवृत्ती बदलण्याच्या जागीही तेच कुलूप लावलं. बस्स.

तेव्हापासून ‘आधी तपास, मग बदल’ असा कोड दिसला, की कुलूप आहे का, एवढंच मी विचारत नाही. ते कितव्या ओळीवर आहे, तेही बघतो. माझ्याच जुन्या कोडमध्ये ते दोनदा उशिरा सापडलं.