मागांच्या आवाजाबाहेरची जागा

मालेगावात 'हॉटेल' म्हटले की बहुधा चहाचे दुकान समजले जाते. बाकडी, काचेचे ग्लास, शेजारी टोस्ट-खारीची बरणी आणि रात्री उशिरापर्यंत पेटलेली शेगडी. शहराचा इतिहास सांगताना आपण किल्ला सांगतो, माग सांगतो. ही हॉटेले मात्र सुटतात. माझ्या मते मागांचा इतिहास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४० मध्ये मोसम नदीकाठी किल्ला बांधायला घेतला, तेव्हापासून येथे बाहेरचे कारागीर येत राहिले. १८५७ च्या उठावानंतर आणि १८६२ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात उत्तरेकडून मोमीन विणकर आले. त्यांचा हातमाग घरातच असे. काम, जेवण आणि गप्पा एकाच छपराखाली चालत. पुढे यंत्रमाग आला आणि विणकर कारखान्यात गेला. बारा तासांची पाळी, मजुरी विणलेल्या कापडावर आणि आवाज ९० डेसिबलच्या वर. तेथे शेजाऱ्याशी बोलायचे तर खुणेने किंवा कानाशी ओरडून.

चहा याच काळात सामान्यांपर्यंत पोहोचला. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा प्रचार देशातल्या गिरण्या-कारखान्यांत शिरला. १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आले. त्याची दाणेदार भुकटी थोडक्यात कडक रंग देते, त्यामुळे दूध-साखर घालूनही चहा स्वस्त पडू लागला. मजुराला परवडेल असे निमित्त मिळाले आणि बसायला जागाही.

दूरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडते. हेलसिंकीत एकबर्ग हा कॅफे १८५२ पासून आहे. ऑस्लोच्या ग्रँड कॅफेत नाटककार इब्सेन नेमाने बसत. हेलसिंकीत डिसेंबरच्या अखेरीस दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो. म्हणून तिथल्या कॅफेचे मोठेपण ऊब आणि दिव्यांत. ज्या गावाला ज्याची वाण, ते त्याच्या बैठकीत जपले जाते. मालेगावला उन्हाची वाण नाही. वाण आहे ती माणसाचा आवाज ऐकू येण्याची. हॉटेलात उर्दू अखबार वाचला जातो, शेराला दाद मिळते, मजुरीच्या दरावर वाद होतो. शुक्रवारी माग बंद असले की बाकड्यांवर जागा मिळत नाही. बाहेरच्याला हा गोंगाट वाटेल. पाळी संपवून आलेल्याला ती शांतता आहे.

पण या शांततेत अर्धे शहर नाही. स्टॉकहोमचा वेटे-कॅटन हा कॅफे १९२८ मध्ये एस्टर नूर्डहामर या बाईने सुरू केला. आपल्या हॉटेलांच्या बाकड्यांवर बाई क्वचितच दिसते. मागाला लागणाऱ्या कांड्या मात्र अनेक घरांतून बायाच भरतात. त्यांचा चहा कामाशेजारीच निवतो, आणि त्यांचे बोलणे कुठल्याही बैठकीच्या आठवणीत येत नाही. हॉटेलांचा इतिहास जुन्या गिऱ्हाइकांना विचारून लिहिता येईल आणि तो लवकर लिहायला हवा, कारण ती पिढी थकली आहे. मात्र त्यासाठी बाकड्यावर बसून भागणार नाही. त्याच गल्लीतल्या घरांचे दार ठोठावून, कांडी भरणाऱ्या हातांनाही विचारावे लागेल.