मुळांची तहान, पानांची तहान

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील शिक्षक-खोलीत आम्ही मॉन्स्टेराची एक कुंडी आणून ठेवली. ताटाएवढी हिरवीगार, कापल्यासारखी, भोकाभोकांची पाने पाहून मुलेही दारात थबकत. पावसाळ्यात रोपाला भराभर नवी पाने फुटली. मार्चमध्ये मात्र पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या. झाड तहानले आहे असे सर्वांनाच वाटले आणि येता-जाता जो तो त्याला तांब्याभर पाणी घालू लागला. एप्रिलअखेर देठ मऊ पडून झाड कोलमडले. कुंडी उपडी केली तर मुळे काळी पडलेली आणि मातीला कुजका वास. तहानेने गेले असे आम्ही समजत होतो, ते झाड प्रत्यक्षात पाण्यात बुडून गेले होते.

ज्या छत्रपती संभाजीनगरने (पूर्वीचे औरंगाबाद) वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची काही दिवसांआड वाट पाहिली, तिथे एक झाड जास्त पाण्याने मरावे, ही गोष्ट मनाला लागून राहिली. चूक कुठे झाली हे शोधताना दोन जुन्या हकिगती हाती आल्या. एक आपल्या शहराची, दुसरी लंडनची.

पहिली हकिगत आपल्याला ठाऊक असलेलीच आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी हे नगर वसवले. भोवतालचा प्रदेश कोरडा. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, तोही मुख्यतः चार महिन्यांत. नगराच्या उत्तरेकडील उंच भागातले भूजल जमिनीखालच्या कालव्यांतून आणि खापरी नळांतून उताराने गावात आणण्याची योजना त्याने केली. हीच नहर-ए-अंबरी. अशाच नहरीचे पाणी पुढे पाणचक्कीपर्यंत पोहोचले. पाणी आले की बागा आल्या. बीबी का मकबऱ्याचा चारबाग किंवा हिमायतबागेतील फळझाडे पाहिली की कोरड्या पठारावर पाण्याने काय घडते ते कळते.

पण नहर पाणी कुठे पोहोचवते? मुळांशी. आंबा, चिंच, पेरू यांना तेवढे पुरते, कारण त्यांची पाने कोरडी हवा सोसू शकतात. नळातून पाणी आणता येते, हवेतला ओलावा आणता येत नाही. मोठ्या पानांच्या, सदैव दमट जंगलातल्या झाडांचा प्रश्न नहरीने सुटणारा नव्हता.

तो सुटला लंडनमध्ये, आणि तोही अवचित. नॅथॅनिएल वॉर्ड हे तिथले एक डॉक्टर. त्यांना नेच्यांची आवड होती. पण कोळशाच्या धुराने अंगणातले नेचे टिकत नसत. १८२९ साली त्यांनी पतंगाचा एक कोष ओलसर पालापाचोळ्यासह काचेच्या बाटलीत झाकून ठेवला. कोषातून पतंग कसा निघतो ते त्यांना पाहायचे होते. काही दिवसांनी त्यांना दिसले ते वेगळेच. दिवसा मातीतल्या पाण्याची वाफ होई, काचेवर थेंब जमत आणि ते पुन्हा मातीत उतरत. त्या मातीत एक नेचा आणि थोडे गवत उगवले. वरून थेंबभर पाणी न घालता ती रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. मग डॉक्टर बाहेरगावी असताना बाटलीचे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे मेली. आमच्या कुंडीची कथा आम्हाला तिथेच भेटली!

१८३३ साली वॉर्ड यांनी अशाच दोन काचपेट्या नेचे आणि गवत भरून जहाजाने सिडनीला पाठवल्या. झाडे जिवंत पोहोचली. परतीच्या प्रवासात त्यांत ऑस्ट्रेलियातली रोपे होती. केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ पडला, विषुववृत्तावर डेक तापला. पण पेटीला कुणी पाणी घातले नाही, आणि रोपे सुखरूप लंडनला आली. यानंतर जगभर झाडांची ने-आण बदलून गेली. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणि दक्षिण अमेरिकेतील सिंकोना निलगिरीत पोहोचवण्यात अशा पेट्यांचा मोठा वाटा होता. त्यातून साम्राज्यांचे मळे फुलले आणि पेटीतल्या मातीबरोबर कीड व रोगही देशोदेशी गेले, हेही विसरता येत नाही. आपल्यापुरती गोष्ट एवढीच, की दमट जंगलातले झाड परक्या घरात जगवायचे तर त्याला पाण्यापेक्षा ओलसर हवा लागते, हे यातून सिद्ध झाले.

मॉन्स्टेरा अशाच झाडांपैकी. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलांत तो वाढतो. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ लीबमन यांनी १८४९ साली त्याला 'मॉन्स्टेरा डेलिसिओसा' हे नाव दिले. 'डेलिसिओसा' म्हणजे स्वादिष्ट, कारण त्याचे पूर्ण पिकलेले फळ खातात. आणि हा आपल्या अळूचा, सुरणाचा नातेवाईक! कुळ एकच. कच्चा अळू घशात खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक मॉन्स्टेराच्या पानांतही असतात, म्हणून लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना ती चघळू देऊ नयेत.

आमची चूक या नात्यातूनच झाली असावी. मोरीच्या सांडपाण्यावर अळू लावायची आपली जुनी रीत आहे. अळू पाणथळ जागेचा. त्याच्या देठांत आणि मुळांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून चिखलातही तो तगतो. मॉन्स्टेरा मात्र वेल आहे. जमिनीवर रुजलेले रोप आधार शोधत जाते. मॉन्स्टेराच्या एका जातीची रोपे उजेडाकडे न वाढता जवळच्या सर्वांत गडद सावलीकडे, म्हणजेच मोठ्या झाडाच्या बुंध्याकडे सरकतात, असे स्ट्राँग आणि रे या संशोधकांनी १९७५ साली दाखवले. पुढे वेल झाडावर चढतो आणि हवेत मुळे सोडतो. अशा मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. त्यामुळे भिजट मातीत मुळे गुदमरतात, पाणी शोषू शकत नाहीत आणि भरल्या कुंडीत पाने मलूल होतात. आपण आणखी पाणी घालतो!

मग मार्चमध्ये कडा का वाळल्या? थोडा हिशेब करू. ऑगस्टमध्ये २७ अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत आणखी सुमारे ५ ग्रॅम बाष्प मावते. मे महिन्यातील दुपारी ४० अंश आणि २५ टक्के धरली, तर सुमारे ३८ ग्रॅम. म्हणजे हवेची भूक सातपटीहून अधिक. मुळे पाणी पुरवतात त्यापेक्षा वेगाने ही हवा पानांतून पाणी ओढून घेते. तहान पानांची होती. आम्ही पाजत राहिलो मुळांना.

यावर उपाय साधे आहेत. मराठवाड्याची काळी माती शेतात कापसाला चांगली. कुंडीत ती पाणी धरून बसते. म्हणून कोकोपीट, गांडूळखत, विटांचे बारीक तुकडे आणि थोडा कोळसा मिसळून भुसभुशीत मिश्रण करावे. कुंडीला तळाशी भोक हवेच. बोट दोन पेरे आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. काथ्या गुंडाळलेली काठी रोवली की वेल तिला धरून चढतो आणि पाने मोठी होत जातात. जागा पूर्वेच्या खिडकीजवळची, भरपूर उजेडाची. पण दुपारचे ऊन नको. बोअरचे पाणी जड असेल तर फवाऱ्याचे पांढरे डाग पानांवर राहतात. शिवाय फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या एकत्र ठेवाव्यात. खाली परातीत खडी आणि पाणी ठेवावे, मात्र कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नये. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो तिथे झाडालाही बरे वाटते, फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको.

हे सारे वर्गात तपासता येते. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची वात गुंडाळा. दोन्ही तापमापकांतील फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. ऑगस्टमध्ये हा फरक दोन-तीन अंशांवर येतो, मे महिन्यातील दुपारी तो पंधरा अंशांच्याही वर जाऊ शकतो. मुलांना खोलीच्या मध्यभागी, कुंड्यांच्या घोळक्यात आणि माठाजवळ नोंदी घेऊ द्या. पाणचक्कीला सहल गेलीच, तर हौदाखालच्या गार दालनातही एक नोंद घ्या.

आणि उन्हाळ्याची सुटी? शाळेतली बहुतेक रोपे त्याच काळात जातात. यंदा आम्ही लहान कुंड्यांना एकदा पाणी घालून, निथळू देऊन, काड्यांच्या आधाराने पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून सावलीच्या खोलीत ठेवणार आहोत. ऊन लागले तर आत झाडे शिजतील, एवढे मात्र सांभाळायला हवे. लोणच्याच्या एका काचेच्या बरणीत विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ आणि एक नेचाही लावणार आहोत. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा काचेवर थेंब दिसतात का, हे मुलेच पाहतील. तुम्हीही करून पाहा, आणि काय झाले ते जरूर कळवा. फसले असेल तर तेही कळवा.