घाटरस्त्यावरील सुरक्षितता : जबाबदारी दोघांची, पण भार वेगळा
महाड-पोलादपूर परिसरातील वाहनचालक आणि सायकलस्वार यांच्यासाठी

मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या बहुतेक प्रवाशांना महाड आणि पोलादपूर ही गावे बसच्या थांब्यापुरती किंवा चहापाण्यापुरतीच ठाऊक असतात. रस्त्यांच्या दृष्टीने मात्र दक्षिण रायगडातील हा भाग म्हणजे एक मोठा नाकाच आहे. पूर्वी क्रमांक १७ म्हणून ओळखला जाणारा आणि २०१० च्या फेररचनेनंतर क्रमांक ६६ झालेला मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. महाडहून एक रस्ता पाचाडमार्गे रायगडाच्या पायथ्याशी जातो, तर दुसरा वरंध घाट चढून भोरकडे निघतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगड आणि महाबळेश्वर गाठता येते. दक्षिणेला कशेडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो.

या रस्त्यांवर एस. टी. बस, महाडच्या औद्योगिक वसाहतीत ये-जा करणारे टँकर, पर्यटकांच्या मोटारी आणि सायकली एकाच डांबरी पट्ट्यावरून धावत असतात. सायकलस्वारही दोन प्रकारचे आहेत. कामावर, बाजारात वा शाळेत जाणारा स्थानिक माणूस साधी सायकल चालवतो. तिला बहुधा दिवा नसतो. दुसरा पुण्या-मुंबईहून सुट्टीत निघालेला हौशी सायकलपटू. त्याच्याकडे शिरस्त्राण, गिअरची सायकल आणि तयारी असते, परंतु या घाटातील वळणांची ओळख नसते. धोका दोघांनाही सारखाच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. टक्केवारी लहान दिसली तरी माणसांच्या संख्येत ती हजारांच्या घरात जाते.

समान हक्क, असमान धोका

सायकल हे मोटार वाहन कायद्याच्या अर्थाने मोटार वाहन नव्हे. तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. यावरून अनेक वाहनचालकांचा असा समज होतो, की सायकलस्वार रस्त्यावर केवळ इतरांच्या मेहेरबानीने वावरतो. हा समज चुकीचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काही मार्गांवर सायकलींना बंदी आहे. मुंबई-गोवा महामार्ग हा तसा द्रुतगती मार्ग नव्हे. जेथे स्पष्ट बंदीचा फलक नाही, तेथे सायकलस्वाराचा रस्त्यावरील हक्क मोटारीइतकाच पक्का आहे.

मोटार वाहने (वाहनचालन) विनियम, २०१७ यांनी १९८९ च्या जुन्या नियमांची जागा घेतली. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग या रस्त्यावरील सर्वांत दुर्बळ घटकांच्या सुरक्षिततेची वाहनचालकाने विशेष काळजी घ्यावी, अशी अपेक्षा या विनियमांत आहे. ज्याच्या हाती अधिक वजन आणि अधिक वेग, त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे तत्त्व त्यामागे आहे. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक संहितेत हीच उतरंड स्पष्ट शब्दांत घातली. नेदरलँड्समध्ये तर मोटार आणि सायकल यांच्या अपघातात भरपाईचा मुख्य भार कायद्यानेच मोटारचालकावर टाकलेला आहे.

याचा अर्थ सायकलस्वार जबाबदारीतून मुक्त होतो, असा नाही. त्याचा वाटा वेगळ्या स्वरूपाचा आहे. आपण दुरून दिसावे आणि आपली पुढची हालचाल इतरांना ओळखता यावी, एवढे त्याने साधले पाहिजे.

वेगाचे गणित

वाहनचालकांना सर्वांत कमी जाणीव असते ती थांबण्यासाठी लागणाऱ्या अंतराची. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने एवढ्या वेळात मोटार २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हेच अंतर ३५ मीटरांच्या आसपास जाते. म्हणजे पावसात एकूण ६० मीटर हवेत. वेग ताशी ८० असेल, तर ओल्या रस्त्यावर हा आकडा शंभर मीटरांच्या जवळ पोचतो. टायर झिजलेले असतील किंवा गाडी भरलेली असेल, तर याहूनही अधिक.

आता घाटातील वळण डोळ्यांसमोर आणावे. वळणापलीकडचा रस्ता ५० मीटरच दिसतो. पुढे एक सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहे आणि मागून मोटार ताशी ६० ने येते. दोघांमधील अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होते. सायकल दिसल्यापासून चालकाच्या हाती चार सेकंद उरतात. त्यांतील दीड सेकंद केवळ समजण्यात जातो. समोरून दुसरे वाहन येत असेल, तर बाजूने काढून घ्यायलाही जागा नसते. म्हणून घाटात वेगमर्यादेचा फलक हा शेवटचा आधार समजावा. खरी मर्यादा दृष्टीच्या टप्प्याने ठरते. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा.

वाहनचालकांसाठी

सायकल ओलांडताना दोहोंमध्ये किमान दीड मीटर अंतर असावे. जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असे अंतर बंधनकारक केले. चढावर सायकलस्वार जेमतेम ताशी आठ-दहा किलोमीटर वेगाने चालतो आणि दर पायटाकीला सायकल थोडी डावी-उजवीकडे झुकते. एवढी जागा त्याला हवीच असते. बस वा टँकर जवळून वेगाने गेल्यास हवेच्या झोतानेही त्याचा तोल जाऊ शकतो. दीड मीटर जागा मिळत नसेल, तर मागे थांबावे. आंधळ्या वळणावर सायकलला ओलांडणे म्हणजे समोरून काहीच येत नाही यावर पैज लावणे होय.

सायकलच्या अगदी मागे येऊन कर्कश हॉर्न वाजवू नये. दचकलेला सायकलस्वार रस्त्याच्या मध्यभागी येण्याची शक्यता अधिक. दुरूनच एकदा छोटा हॉर्न पुरेसा होतो. रात्री सायकलस्वार समोर दिसताच प्रखर झोत खाली करावा.

अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा नियम आहे. चढणाऱ्या सायकलस्वारालाही तोच लाभ द्यावा. एकदा पाय टेकल्यावर चढावर पुन्हा सुरुवात करताना त्याची सायकल हमखास डगमगते. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका टळतो.

समोरच्या दिशेने सायकल येत असताना पुढील वाहनाला ओलांडण्याचा मोह टाळावा. अशा वेळी सायकलस्वाराला रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत अनेक ठिकाणी वीतभर खाच असते, आणि तेथेच सायकल आडवी होते. महाडच्या बाजारपेठेसारख्या दाटीच्या जागी उभ्या मोटारीचे दार उघडताना चालकाने डावा हात वापरावा. त्यामुळे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते.

सायकलस्वारांसाठी

अंधार, धुके आणि पाऊस यांत न दिसणे हा सायकलस्वाराचा सर्वांत मोठा शत्रू. कशेडी आणि आंबेनळीच्या परिसरात पावसाळ्यात भरदिवसाही धुके उतरते. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, चाकांना आणि पायट्यांना परावर्तक एवढे किमान हवेच. सायकलींच्या परावर्तकांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. जुन्या सायकलीला परावर्तक पट्टी चिकटवण्याचा खर्च अगदी थोडा आहे. फिकट रंगाचे कपडे आणि शिरस्त्राण यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सायकल डाव्या बाजूनेच चालवावी, मात्र डांबराच्या अगदी कडेला चिकटून नव्हे. कडेपासून सुमारे एक मीटर आत सरळ रेषेत चालल्यास खड्डा चुकवायला जागा राहते आणि मागील चालकालाही अंदाज येतो. वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात दाखवावा आणि मगच वळावे. घाटात दोघांनी शेजारी-शेजारी चालू नये. कानात गाणी लावून घाट चढणे म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाची एकमेव सूचना स्वतःहून बंद करणे होय.

चौपदरी भागात दुभाजकातील वाट लांब असल्यामुळे अनेक जण उलट दिशेने सायकल दामटतात. वाचणारी पाच मिनिटे महागात पडू शकतात. समोरासमोरच्या धडकेत दोन्ही वेगांची बेरीज होते आणि वळणारा चालक त्या दिशेला पाहतही नसतो.

तीव्र उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. दोन्ही ब्रेक थोडे दाबून सोडावेत, शरीराचा भार मागे ठेवावा आणि वेग वळणापूर्वीच कमी करावा. पावसात रिमवर चालणारे ब्रेक उशिरा लागतात. रस्त्यावरील पांढरे पट्टे, ओली पाने आणि डोंगरातून वाहून आलेली तांबडी माती यांवरून चाक सहज घसरते. नागमोडी वळणावर बस किंवा लांब ट्रक वळत असताना त्याच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नये. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत येतात आणि त्या कोपऱ्यातील सायकल चालकाच्या आरशात दिसत नाही. चढ झेपत नसेल, तर उतरून चालण्यात कमीपणा नाही.

तिसरा वाटेकरी

चालक आणि सायकलस्वार दोघेही नियम पाळत असले, तरी रस्त्यानेच दगा दिला तर काय होते, हे महाडने पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीच्या पुरात महाडजवळील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. त्याबरोबर दोन एस. टी. बस आणि इतर वाहने नदीत गेली व अनेकांचे प्राण गेले. त्या चालकांच्या हातून कोणताही नियम मोडला गेला नव्हता. पुढे नवा पूल विक्रमी वेगाने उभारून २०१७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर खुला करण्यात आला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. या अपघातातून केवळ एक जण बचावला. घाटात रस्त्याची कड ओलांडली, तर चूक सुधारण्याची संधी मिळत नाही, हा या दुर्घटनेचा धडा.

मजबूत कठडे, भरलेल्या साइडपट्ट्या, वळणांवरील आरसे, वाचता येणारे फलक आणि गावांजवळ सेवारस्ते ही रस्ता बांधणाऱ्यांची आणि राखणाऱ्यांची जबाबदारी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल निर्धारित मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खचलेली कड किंवा तुटलेला कठडा दिसल्यास छायाचित्रासह लेखी तक्रार करण्याला त्यामुळे अर्थ आला आहे. कशेडीच्या नव्या बोगद्याची एक बाजू सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवापूर्वी हलक्या वाहनांसाठी खुली झाली. वाट सुकर झाली की वेगही वाढतो. तेथील फलक आणि पोलिसांच्या सूचना सायकलस्वारांनी आधी पाहून घ्याव्यात.

अपघात झाल्यास

कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मदत करणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे. त्याला साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात. धडक देऊन वाहन पळून गेल्यास मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे.

वाहन सापडल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे सायकलस्वाराचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर भरपाईतून त्याचा वाटा वजा होऊ शकतो. दिवा नसलेली सायकल किंवा उलट दिशेचा प्रवास यांची किंमत अशा वेळी कुटुंबाला मोजावी लागते. कायदा दोघांच्या चुका मोजतो तो अपघातानंतर. घाटात त्याआधी हाती असतात ती चारच सेकंदे. ती वाढवण्यासाठी चालकाने वेग कमी ठेवावा आणि सायकलस्वाराने दिवा लावावा.