डोंगरमाथ्यावरचा रस्ता आणि थांबणारं माणूस

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ब्लू रिज नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरून दोन वाटा शेजारी शेजारी जातात. एक पायवाट आणि एक मोटाररस्ता. शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत या दोन वाटा एकमेकींना 28 वेळा ओलांडतात. हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतोच, पण माझ्या तो डोक्यात बसला तो तिथे गाडी चालवल्यामुळे. 2019च्या मे महिन्यात नऊ दिवस माझा भाचा त्या पायवाटेने चालत होता आणि मी, त्याची आत्या, इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, त्या रस्त्याने गाडी घेऊन त्याच्या पुढे पुढे जात होते.

ही पायवाट म्हणजे अ‍ॅपलेचियन ट्रेल. दक्षिणेला जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, 14 राज्यांतून जाणारी, सुमारे 3,500 किलोमीटरची. झाडांवर आणि दगडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. त्यांचं बोट धरून चालायचं. सगळी वाट एका दमात चालणाऱ्याला साधारण पाच ते सात महिने लागतात. भाच्याला तेवढी रजा कोण देणार? शिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. पाठीवर पंधरा किलोचं ओझं घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा त्याने शेनंडोआतला 101 मैलांचा, म्हणजे सुमारे 163 किलोमीटरचा तुकडा निवडला. ओझं गाडीत आणि गाडीत मी.

या वाटेची कल्पना बेंटन मकाय नावाच्या माणसाची. तो वनखात्यात काम केलेला, नियोजनाचा विचार करणारा. 1921च्या एप्रिलमध्ये त्याची पत्नी जेसी हिचा मृत्यू झाला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांपैकी ती एक होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात मकायने या वाटेचा आराखडा मांडला. गंमत अशी की त्या आराखड्यात नुसती पायवाट नव्हती. दिवसभराच्या चालीवर एकेक निवारा, वाटेवर छोट्या वसाहती, त्यांना धान्य-भाजी पुरवणारी शेतं. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पिचलेल्या माणसांनी डोंगरात यावं, राहावं, श्वास घ्यावा, ही खरी मूळ कल्पना. वसाहती आणि शेतं कागदावरच राहिली. निवारे आणि वाट तेवढी झाली.

ती प्रत्यक्षात आणली मुख्यतः दुसऱ्या माणसाने. मायरन एव्हरी, पेशाने सागरी कायद्याचा वकील, स्वभावाने करडा. मोजणीचं चाक ढकलत तो ही वाट चालला आणि 1936पर्यंत तिचा सगळा पल्ला टप्प्याटप्प्याने पुरा करणारा पहिला माणूस ठरला. 1937च्या ऑगस्टमध्ये वाट सलग जोडली गेली. तोवर या दोघांचं मात्र कायमचं फाटलं होतं, आणि कारण होतं मी ज्यावर गाडी चालवली तोच रस्ता.

स्कायलाइन ड्राइव्ह हे त्याचं नाव. 1931मध्ये काम सुरू झालं. मंदीचे आणि दुष्काळाचे दिवस होते, हातांना काम हवं होतं. पुढे रूझवेल्टच्या काळात सरकारी शिबिरांतली तरुण पोरंही तिथे राबली. रस्ता अगदी माथ्यावरून न्यायचा असल्याने आधी आखलेल्या पायवाटेला अनेक ठिकाणी बाजूला सरकावं लागलं. मकायला हा सरळ सरळ घात वाटला. ज्या शहरापासून, मोटारीपासून सुटका म्हणून वाट कल्पिली, तीच मोटार माथ्यावर आणून बसवली! एव्हरीचं म्हणणं व्यवहाराचं होतं. सरकार रस्ता करणारच आहे, तर भांडत बसण्याऐवजी त्यांच्याकडून नवी, चांगली पायवाट बांधून घ्यावी. 1935मध्ये दोघांत कडू पत्रव्यवहार झाला आणि संपला. त्याच वर्षी मकायने काही सहकाऱ्यांबरोबर रानं राखण्यासाठी ‘वाइल्डरनेस सोसायटी’ स्थापन केली. एव्हरी 1952मध्ये गेला. मकाय 1975पर्यंत, शहाण्णव वर्षांचा होईपर्यंत जगला.

वर्गात शिकवताना मी नेहमी मकायच्या बाजूची असते. पण त्या नऊ दिवसांत माझा सगळा संसार एव्हरीच्या बाजूवर चालला होता, हे मान्य करायला हवं. तो रस्ता नसता तर साठी ओलांडलेली मी त्या डोंगरात कशाला जाते, आणि दुखऱ्या गुडघ्याचा भाचा तरी कसा?

आता दिवस कसा जायचा ते सांगते. पहाटे सव्वापाचला उठायचं. छोट्या गॅसच्या शेगडीवर आधी चहा, मग पोहे किंवा सांजा. साडेसहाला तो चालू लागायचा. मग तंबू सोडणं, दव पडून ओलं झालेलं कापड झटकून गाडीच्या टपावर वाळत घालणं, पाण्याचे कॅन भरून घेणं. रस्त्याच्या कडेला दर मैलावर आकडा घातलेला खांब आहे. आदल्या रात्री आम्ही एका वहीत कोष्टक करायचो: कुठल्या खांबापाशी वाट रस्ता ओलांडते, तिथवर किती मैल, तो किती वाजता पोचेल. 28 ओलांडण्यांपैकी दिवसाला तीन-चार ठिकाणी मी थांबायची. वेगमर्यादा ताशी 35 मैल, म्हणजे आपले 56 किलोमीटर, त्यामुळे उजव्या बाजूने गाडी चालवण्याची भीती पहिल्याच दिवशी गेली.

त्याला जे अंतर चालायला तीन तास लागायचे ते मी दहा मिनिटांत पार करायची. उरलेला वेळ माझा. तो वेळ रिकामा असेल असं मला आधी वाटलं होतं. तसा तो नसतो. काकडी चिरायची, थालीपिठाचं पीठ भिजवायचं, कालचे मोजे धुऊन आरशाला लटकवायचे, फोडावर लावायच्या पट्ट्या हाताशी ठेवायच्या. तो आला की सात-आठ मिनिटं थांबायचा. बूट काढायचा, मोजे बदलायचा, उभ्याउभ्या खायचा आणि जायचा. एवढ्यात काय विचारायचं आणि काय नाही हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. ‘दमलास का’ हे विचारायचं नाही. ‘पाणी किती उरलं होतं’ हे विचारायचं.

संध्याकाळी मुक्काम. अस्वलांचा मुलूख असल्यामुळे खाण्याचा कण बाहेर ठेवायची सोय नाही. टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद. मग कंदिलाच्या उजेडात पाय तपासायचे, कारण तिथल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. लहानपणी याच्या डोक्यातल्या उवा मी काढलेल्या. चाळिशीत पुन्हा तेच काम.

वाटेवरचे इतर चालणारे गाडी बघून रेंगाळायचे. त्यांना मी संत्री आणि गूळ-दाण्याची चिक्की द्यायची. अशी अवचित मदत करणाऱ्यांना तिकडे ‘ट्रेल एंजल’ म्हणतात. लांब पल्ल्याचे चालणारे एकमेकांना टोपणनावं देतात; माझं नाव आपोआपच ‘आट्या’ पडलं. एका तरुणाने मात्र भाच्याला विचारलं, की बिनओझ्याचं चालणं हे खरं चालणं का? हा तिथला जुना वाद आहे. मला त्यात आपली वारी आठवली. दिंडीचा ट्रक पुढे जातो, त्यातली माणसं तंबू ठोकतात, मोठ्या पातेल्यांत आमटी करतात, मागून येणाऱ्यांना वाढतात. वारी कुणाची झाली असं तिथे कुणी विचारत नाही. पण त्या तरुणाला हे इंग्रजीत समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी त्याला आणखी एक चिक्की दिली.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रानाकडे माझं वेगळं लक्ष जाऊ लागलं. झाडीत मध्येच दगडी चुलाण्याचं धुराडं, रानटी झालेली सफरचंदाची झाडं, छोटी कबरस्तानं. हे रान पूर्वी वस्तीचं होतं. उद्यानासाठी सुमारे पाचशे कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. काही वृद्धांना हयातभर राहू दिलं. त्यांतल्या शेवटच्या बाई, अ‍ॅनी शेंक, 1979मध्ये वारल्या. लुईस माउंटनला आम्ही मुक्काम केला. ती जागा 1939मध्ये फक्त कृष्णवर्णीयांसाठी म्हणून उघडली होती, तशी पाटीच होती. 1950पर्यंत ही विभागणी संपली. ‘सर्वांसाठी मोकळा डोंगर’ या शब्दांतला ‘सर्व’ कोण, हे त्या त्या काळाला विचारावं लागतं.

आणि इथेच माझ्यातली शिक्षिका जागी झाली. या वाटेचा इतिहास लिहिला जातो तो चालणाऱ्यांचा. 1948मध्ये अर्ल शॅफर सबंध वाट एका मोसमात 124 दिवसांत चालला. तसं केल्याची ती पहिली नोंद. युद्धात मित्र गमावलेला, एकटा. 1955मध्ये एमा गेटवुड या 67 वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने हाताने शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून, कापडी बूट घालून ती पुरी केली. घरी फक्त फिरायला जाते एवढंच सांगून निघालेली. तिच्यामागे गाडी नव्हती, पण रात्री दार उघडणारी, जेवू घालणारी अनोळखी घरं होती.

पुढे वेगाचे विक्रम सुरू झाले आणि रस्त्याच्या कडेला थांबणारं माणूस ही गरज झाली. 2011मध्ये जेनिफर फार डेव्हिस हिने उत्तरेकडून दक्षिणेला ही वाट 46 दिवस 11 तासांत संपवली. रोजचे सरासरी 75 किलोमीटर. स्त्री-पुरुष दोघांतही तेव्हा तोच विक्रम होता. पायाच्या नळ्या सुजल्या, थंडीने अंग गारठलं, तिने सोडायचं ठरवलं. तेव्हा तिचा नवरा ब्रू म्हणाला, सोडायचं तर सोड, पण आत्ता नाही. आधी खा, औषध घे, उद्या बघू. तिने आपल्या प्रवासावर पुस्तक लिहिलं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की ब्रूनेही स्वतंत्र पुस्तक लिहिलं. 2015मध्ये स्कॉट जुरेकने हा विक्रम काही तासांनी मोडला. त्याच्या पुस्तकात त्याची पत्नी जेनी आपली बाजू स्वतः सांगते. अनोळखी जंगलवाटांवर एकटीने व्हॅन चालवणं, रात्री एकटीने वाट पाहणं. पुढे 2024च्या सप्टेंबरमध्ये टारा डाऊअरने 40 दिवस 18 तासांत वाट संपवून नवा विक्रम केला, तेव्हा मदतीच्या गाडीत तिची आई होती. थांबणाऱ्यांनी लिहिलेला मजकूर थोडाच आहे, पण इतिहासकाराला तो सोन्यासारखा. चालणाऱ्याला फक्त वाट दिसते. थांबणाऱ्याला घड्याळ दिसतं.

हे मी पुस्तकांतून शिकले नाही. सहाव्या दिवशी दुपारी स्विफ्ट रन गॅपवरून तो हायटॉप डोंगर चढायला लागला. मी पुढे पॉवेल गॅपला थांबले. साडेचारला यायचा होता. चारला आभाळ काळं झालं. मग विजा सुरू झाल्या, माथ्यावरच्या विजा, कानठळ्या बसवणाऱ्या. फोनला रेंज नव्हती. त्या डोंगरात बहुतेक ठिकाणी नसतेच. आमचं आधीच ठरलं होतं: ठरल्या वेळेनंतर तीन तास थांबायचं, जागा सोडायची नाही, मग रेंजरला कळवायचं. साडेपाच, सहा, साडेसहा. माझा भाऊ पुण्यात झोपलेला असेल, त्याला मी काय सांगू, हे वाक्य मी तीन प्रकारे मनात रचलं. गाडीतून उतरून वाटेच्या तोंडाशी गेले, हाका मारल्या, परत आले. आपण इथून हललो आणि तो खाली आला तर, ही भीती. न हलता वेळ गेला तर, ही दुसरी. डब्यातलं थालीपीठ कडक झालं होतं. मी ते उगाच पुन्हा फडक्यात गुंडाळलं.

सात वाजून पाच मिनिटांनी झाडीतून त्याची निळी टोपी दिसली. विजांमुळे तो हायटॉपच्या दगडी निवाऱ्यात अडीच तास बसून होता. चिंब भिजलेला. मी काही बोलले नाही, टॉवेल दिला. त्याने ते कडक थालीपीठ खाल्लं.

पुढचे तीन दिवस उन्हाचे होते. रॉकफिश गॅपला उद्यान संपतं, खाली महामार्गाचा घरघराट ऐकू येतो. तिथे त्याने बूट काढले ते विमानतळापर्यंत घातले नाहीत. परतीच्या रस्त्यावर त्याने सहज सांगितलं, की त्या दगडी निवाऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहायची वही असते. लोक नाव, तारीख, कुठून कुठे, एवढं लिहितात. त्यानेही त्या वादळात लिहिलं होतं. इंग्रजीत आपलं नाव आणि तारीख, आणि खाली देवनागरीत एक ओळ: ‘आत्या पॉवेल गॅपला गाडी घेऊन थांबली आहे.’