सिग्विनवरच्या एसएसएचडीच्या दुखण्याची कुळकथा

किल्लीने लॉगिन झटकन होतं, पासवर्ड विचारलाही जात नाही. पण आत गेल्यावर नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल उघडायला जावं, तर परवानगी नाकारली जाते. तोच माणूस त्याच मशीनवर पासवर्ड टाइप करून शिरला, तर तीच फाइल बिनतक्रार उघडते. विंडोजवर सिग्विन टाकून त्यात एसएसएच सर्व्हर, म्हणजे एसएसएचडी, चालवणाऱ्यांनी हा प्रकार वर्षानुवर्षं पाहिला आहे. अशा वेळी पहिला संशय फायरवॉलवर जातो. दोष तिथे नसतो. १९९५ साली दोन वेगळ्या ठिकाणी सुरू झालेल्या दोन घराण्यांची पुढे सोयरीक जमली, आणि हे दुखणं त्या सोयरिकीतलं आहे.

पहिलं घराणं फिनलंडचं. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपून घेत होतं. टेलनेटसारखी तेव्हाची साधनं पासवर्ड तारेवरून उघडाच पाठवत, त्यामुळे टिपणाऱ्याला फारसे कष्टही नव्हते. तिथले संशोधक तातू यल्योनेन यांनी सगळी बातचीत सांकेतिक करणारं एसएसएच लिहिलं आणि जुलै १९९५ मध्ये जगाला फुकट देऊन टाकलं. एफटीपी २१ क्रमांकाच्या पोर्टवर, टेलनेट २३ वर. मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला. वर्ष संपेपर्यंत सुमारे २०,००० लोक ते वापरू लागले होते. पुढे परवान्याच्या अटी कडक होत गेल्या, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून १९९९ मध्ये ओपनएसएसएच उभं केलं. आज बहुतेक ठिकाणी चालतं ते हेच.

दुसरं घराणं कॅलिफोर्नियातल्या सिग्नस कंपनीचं. तिथल्या स्टीव्ह चेंबरलेन यांच्या लक्षात आलं, की विंडोज एनटी आणि ९५ च्या ऑब्जेक्ट फाइलींची ठेवण ग्नू कंपायलरला आधीच ठाऊक असलेल्या ठेवणीतली आहे. त्यातून सिग्विन जन्मलं: एक डीएलएल, जी युनिक्सच्या प्रोग्रामची मागणी ऐकते आणि विंडोजकडून ती पुरी करून घेते.

ओपनएसएसएच सिग्विनवर आलं, आणि तिथेच गाठ पडली. युनिक्समध्ये रूट हा सर्वाधिकारी. एसएसएचडी रूट म्हणून चालतो, किल्ली पटली की एका हाकेत त्या वापरकर्त्याचं रूप घेतो. त्याला पासवर्डची गरज नसते. विंडोजमध्ये असा रूट नाही. तिथे दुसऱ्याच्या नावाने वावरायचं तर त्याचं टोकन लागतं, आणि टोकन मिळवण्याचा सरळ रस्ता पासवर्डवरून जातो. किल्लीने आलेल्याचा पासवर्ड सर्व्हरकडे असणार कुठून? मग सिग्विनने एक अंतर्गत हाक वापरून टोकन स्वतःच घडवलं. ही युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण तिच्याविना किल्लीचं लॉगिन तेव्हा विंडोजवर चाललंच नसतं. पण घडवलेल्या टोकनात पासवर्ड नसतो, म्हणून दुसऱ्या मशीनपुढे ओळख पटवता येत नाही. नेटवर्क ड्राइव्हचा नकार येतो तो इथून. उपाय म्हणून सिग्विनने पासवर्ड रजिस्ट्रीत जपून ठेवायची सोय दिली; ‘पासडब्ल्यूडी’ या आज्ञेला मोठ्या आरचा पर्याय जोडला की झालं.

विंडोज एक्सपीपर्यंत सेवा चालवणाऱ्या सिस्टीम खात्याला असं टोकन घडवायचा हक्क होता. विंडोज सर्व्हर २००३ ने सेवांकडून तो काढून घेतला, आणि काल चालणारे सर्व्हर नव्या मशीनवर रुसले. तेव्हापासून एसएसएचडीची मांडणी करणारी ‘एसएसएच-होस्ट-कॉन्फिग’ ही स्क्रिप्ट त्यासाठी खास खातं तयार करू लागली; पुढे त्याचं नाव ‘सिग-सर्व्हर’ झालं. जुनी माहिती वाचून आजही लोक हे खातं शोधत बसतात. २०१९ च्या सिग्विन ३.० पासून विंडोजचीच पासवर्डविना लॉगिनची सोय वापरली जाते, त्यामुळे त्या खात्याची गरज उरली नाही.

एक फसवी चूक जवळून पाहण्याजोगी आहे. सेवा सुरू होत नाही म्हणून माणूस स्वतःच्या खात्यातून एसएसएचडी डीबगमध्ये चालवतो, आणि समोर संदेश येतो: ‘व्हार-एम्प्टी’ फोल्डर रूटच्या मालकीचं हवं. विंडोजवर रूट आणायचा कुठून? संदेश युनिक्सच्या मुशीतला, जसाच्या तसा राहिलेला. सिग्विनवर प्रत्यक्षात तपासलं जातं ते एवढंच, की फोल्डरचा मालक आणि एसएसएचडी चालवणारं खातं एकच आहे का, आणि इतरांना तिथे लिहिता तर येत नाही ना. हाताने चालवल्यावर खातं बदललं, म्हणून ही नवीच चूक उभी राहिली. मूळ दुखणं वेगळंच असू शकतं. ते शोधायला आधी ‘व्हार-लॉग’मधली एसएसएचडीची फाइल पाहावी. ती रिकामी असेल तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा, कारण सिसलॉग चालू नसेल तर सिग्विन नोंदी तिकडे पाठवतं.

अलीकडे आणखी एक गुंता आहे. २०१८ पासून मायक्रोसॉफ्ट स्वतःचा ओपनएसएसएच सर्व्हर विंडोज १० बरोबर देते, आणि त्याच्या सेवेचं नावही एसएसएचडीच. त्यामुळे सिग्विनने आपल्या सेवेचं नाव ‘सिगएसएसएचडी’ केलं. नव्या मशीनवर किल्ली बरोबर असूनही नाकारली जात असेल, तर सिग्विनच्या फाइलींना हात लावण्याआधी पोर्ट २२ वर दोघांपैकी कोण बसलं आहे ते पाहावं.