रुमालातलं दफ्तर आणि संगणकातली डबी

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून तब्येत विचारली. मी ठणठणीत आहे. आजारी होता तो संगणक. सकाळी बटण दाबायचं, चहा करून प्यायचा, कप विसळून यायचं, तेव्हा कुठे पडदा जागा व्हायचा. त्यात आतून टक् टक् आवाज येऊ लागला.

सांगलीच्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, हार्ड डिस्क जायला आलीय. आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, बाकीचं मग बोलू."

मी हललोच. २०११ च्या सुट्टीत आक्काकडचे जुने फोटो आणि आमच्या वडिलांची पत्रं मी साताऱ्याला आणून स्कॅन केली आणि परत नेऊन दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आक्काच्या खालच्या खोलीतली ट्रंक चिखलात गेली. मूळ कागद गेले, उरली ती माझ्याकडची नक्कल. तीही एकच!

जन्मभर पोरांना इतिहासाची साधनं जपा म्हणून सांगितलं, आणि घरची साधनं अशी एका टकटकणाऱ्या डबीत.

खरं तर हा धडा आपल्याच भागात गिरवला गेलाय. राजवाड्यांना वाईला पानिपताच्या काळातली पत्रं मिळाली आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे तर आमच्याच जातकुळीतले, शाळेत संस्कृत शिकवणारे मास्तर. पटवर्धनांच्या दफ्तरातली मोडी पत्रं वाचायची, बाळबोधीत उतरवायची आणि छापायची, असं त्यांचं चाले. त्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' १८९७ पासून निघू लागला. साताऱ्यात पारसनिसांनी मोठा संग्रह जमवला. तो १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला.

रुमालात बांधलेल्या कागदाला वाळवी, पाणी आणि आग हे तीन शत्रू. पण शास्त्रीबोवांनी छापलं, त्याच्या प्रती गावोगाव गेल्या. मग एखादा रुमाल गेला तरी मजकूर जात नाही. टिकाऊ कागदापेक्षा नकला जास्त टिकाऊ, हे त्यांना कळलं होतं. मला ते सत्तरी उलटल्यावर कळतंय.

आता डबीचा इतिहास. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क काढली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक टोक वाचत जातं, ही रीत माझ्या डिस्कमध्येही होती. फिरणारी वस्तू कधीतरी झिजणारच. जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. तिच्यात फिरणारं काही नाही. बारीक बारीक घरांत विजेचा भार कोंडून ठेवायचा, तोच मजकूर. एसएसडी ती हीच.

निवड करताना भाच्याने माझी शिकवणीच घेतली. जुन्या संगणकाला अडीच इंची, 'साटा' जोडणीची एसएसडी लागते. (गाव सातारा, जोडणी साटा. जमणारच!) माझ्या संगणकात महागड्या जलद प्रकाराला जागाच नव्हती. तीन वर्षांची हमी आणि पक्कं बिल हवंच. एका घरात तीन बिट ठेवणारी टीएलसी, चार ठेवणारी क्यूएलसी. शक्यतो पहिली घ्यावी. डबीवर टीबीडब्ल्यू नावाचा आकडा पाहावा, म्हणजे एकूण किती लिहून होईपर्यंत कंपनी जबाबदार. माझ्या डिस्कचा ८० टीबी आहे. रोज १० जीबी लिहिलं तरी ८,००० दिवस, म्हणजे जवळजवळ २२ वर्षं. तोवर मी कशाला असतोय! आणि अनोळखी नावाची, अवाढव्य जागेची, मातीमोल भावाची घेऊ नये. छापील आकडा मोठा आणि आत जागा थोडी, असे प्रकार चालतात.

बसवली. आता चहाचं आधण ठेवेपर्यंत पडदा तयार असतो.

पण दोन गोष्टी भाच्याने बजावल्या. जुनी डिस्क निदान टकटक करून सांगते, एसएसडी बहुधा न सांगता जाते आणि तिच्यातलं परत मिळवणं फार अवघड. दुसरं, ती विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर कोंडलेला भार हळूहळू गळतो. म्हणजे ती रोजच्या कामाची चोपडी, पेटीत ठेवायचा दस्त नव्हे.

म्हणून आता तीन नकला. एक या संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर सांगलीला भाच्याच्या वरच्या मजल्यावर, एक पुण्याला नातीकडे. दर दिवाळीला तिन्ही उघडून पाहायच्या, असं ठरलंय.

असो. हे सगळं झाल्यावर सावकाश फोटो पाहत बसलो, तर निम्म्या चेहऱ्यांची नावं मलाच ठाऊक नाहीत. मागे कुणी काही लिहिलेलंही नाही. मोडी वाचणारा शोधला तर आजही सापडतो, पण हे चेहरे वाचणारी आता एक आक्काच उरलीय, आणि तिलाही हल्ली विसरायला होतं. ती पुढच्या आठवड्यात येतेय. वही-पेन घेऊन बसणार आहे. नातेवाईक मंडळींनो, तुमच्याकडेही काही फोटो असतील तर मागे नावं आजच लिहा. पेन्सिलीने लिहिलीत तरी चालेल.